मंगळवारची मालकीण

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, तुझ्या मागची ती निळी पाटी कुठे गेली?" मी म्हटलं, काढली. मग तुमच्या आईने नाश्त्याला हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं. जवळजवळ पाच वर्षं दर रविवारी माझ्या डोक्यामागे तुम्ही ती पाटी पाहिलीत. ती कसली, हे मी कधी सांगितलं नाही. तुम्ही लहान होतात हे एक कारण. दुसरं कारण असं की ती पाटी माझ्या हातून लागली होती आणि ते सांगायला मला अवघड जात होतं. आता ती उतरली आहे आणि तुम्हीही मराठी वाचण्याइतके मोठे झाला आहात, म्हणून लिहिते. जो शब्द अडेल तो बाबांना विचारा.

आपल्या पेणच्या घरामागे पडवी आहे आणि पडवीपुढे सिमेंटचं अंगण. तिथे सकाळी दहा ते दुपारी चार लख्ख ऊन असतं. मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी खाडीकडच्या गावातल्या सहा बायका माझ्याकडे आल्या. त्यांना पोह्याचे पापड करायला आणि वाळवायला जागा हवी होती. त्यांच्या आळीत कोंबड्या फार. मी हो म्हटलं. भाडं घेतलं नाही, फक्त रविवारी पडवी धुऊन द्यायची असं ठरलं.

त्यांची काम करायची रीत तुम्हाला नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सोमवार ते शनिवार सहा दिवस आणि बायका सहा. प्रत्येकीचा एक दिवस. त्याला त्या पाळी म्हणायच्या. ज्या दिवशी जिची पाळी, त्या दिवशी तिचं पीठ सगळ्यांनी मिळून मळायचं, कुटायचं, लाटायचं. संध्याकाळी जेवढे पापड होतील ते सगळे तिचे. ते तिनेच विकायचे, पैसे तिचेच. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. त्या दिवशी सगळ्यांचं दुपारचं जेवण मात्र तिने आणायचं. दुसऱ्या दिवशी मालकीण दुसरी, आणि कालची मालकीण खाली बसून लाट्या कापायला. पिठाचे सहा पत्र्याचे डबे माझ्या मागच्या खोलीत असत. कुणाचा कोणता हे कळावं म्हणून कडीला वेगवेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली.

हा बचतगट नव्हता. एकदा त्यांनी तो करून पाहिला होता, पण बैठकीच्या वहीत सह्या करायलाच कुणी येईना, म्हणून मोडला. पाळीला वही लागत नव्हती.

सहाजणींत सगळ्यात मोठी होती तिला सगळ्या काकी म्हणत. ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, तरी मीही तिला काकीच म्हणू लागले. तिचे यजमान मिठागरावर कामाला होते, ते वारले. तिची सूनही सहाजणींत होती. काकीचा दिवस मंगळवार आणि डब्याला हिरवी चिंधी. एकदा मी सहज म्हटलं, "काकी, आता सुनेवर सोपवा, वय झालं." त्यावर ती लाटणं न थांबवता म्हणाली, "घर पोराच्या नावावर हाय बाई. शेत दिराच्या नावावर. मंगलवार तेवढा माझा हाय, तो पन दिऊ?"

मी पुन्हा ते बोलले नाही.

मग ती साथ आली. त्या आधीच्या शनिवारी सगळ्यांनी नवं पीठ दळून आणलं होतं आणि सहाही डबे गळ्यापर्यंत भरून माझ्याकडे ठेवले होते. सोमवारपासून मोठ्या घाण्याला सुरुवात करायची होती, कारण पापडाचा हंगाम म्हणजे मार्च, एप्रिल आणि मे. सोमवारी कुणी आलं नाही. आळीच्या तोंडाला आडवा बांबू बांधला गेला.

तुम्हाला तुमच्याकडचे ते दिवस आठवत असतील. माझे असे गेले: तुमचे बाबा सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारायचे, "आई, दार उघडलंस का?" मी नाही म्हणायचे. दूधवाला पिशवी गजाला अडकवून जायचा. मी पुढच्या दारापासून मोरीपर्यंत साठ फेऱ्या घालायचे, तीस सकाळी आणि तीस संध्याकाळी. मधल्या वेळात मागच्या खिडकीत बसायचे. अंगणात वर्षातलं सगळ्यात चांगलं ऊन पडलेलं असायचं. दहाला यायचं, चारला जायचं. त्यात वाळत काहीच नव्हतं. मागच्या खोलीत पीठ, बाहेर ऊन, आणि दोन्हींच्या मध्ये मी एकटी. एक दिवस न राहवून मी काकीच्या डब्यातलं चार वाट्या पीठ घेतलं आणि मळायला बसले. पोह्याचं पीठ घट्ट मळून कुटावं लागतं. दहा मिनिटांत माझं मनगट भरून आलं. तो गोळा तसाच ताटाखाली झाकून ठेवला आणि दोन दिवसांनी टाकून दिला. काकीला सांगितलं नाही. तुम्हाला आज पहिल्यांदाच सांगते आहे.

एप्रिलअखेर पिठाला वास येऊ लागला. मी रोज एक डबा वर्तमानपत्रावर पसरायचे आणि पुन्हा भरायचे. बायकांचे फोन यायचे. आमचं पीठ कसं आहे, हाच प्रश्न. जणू घरी आजारी माणूस ठेवून गेल्या आहेत.

अशात टीव्हीवर बातमी आली की छोट्या धंद्यांना सरकार कर्ज देणार. तारण लागणार नाही, पहिले सहा महिने हप्ता नाही. धंद्याची नोंदणी मात्र हवी आणि ती घरबसल्या कॉम्प्युटरवर करता येणार होती. बाळांनो, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. दीड महिना मी कुणाच्याच उपयोगाची नव्हते. पापड मला जमत नाहीत, पण अर्ज भरणं जमतं. शाळेत साऱ्या शिक्षकांचे पेन्शनचे कागद मी भरायचे, एकाचाही परत आला नाही. तुमच्या बाबांचा जुना कॉम्प्युटर पुसला, सहाजणींची आधार कार्डं फोनवर मागवली आणि बसले.

मी सहा वेगळे अर्ज भरणार होते. पहिला काकीचा घेतला, कारण ती मोठी. आधारचा आकडा टाकला की फोनवर सहा आकड्यांचा मेसेज येतो, तो दहा मिनिटांच्या आत भरायचा. मी काकीला फोन लावला. तो शेजारणीचा होता.

"काकी, मेसेज आला का?"

"कुठं येनार? आधारला नंबर ह्यांचा हाय."

"मग त्यांचा फोन?"

"पेटीत हाय. मी चार्जिंग करून ठेवते. पन वाजत नाय."

ते जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यांचं सिमकार्ड कंपनीने कधीच बंद केलं होतं. मी तिला तसं सांगितलं नाही, दुसरा मार्ग काढू म्हटलं. पण दुसरा मार्ग नव्हता. एकीच्या आधारला नवऱ्याचा नंबर, आणि नवरा उरणला कंपनीत अडकलेला. एकीचा नंबर तीनदा बदललेला. दोघींच्या आधारला नंबरच नव्हता, आणि तो जोडून देणारी केंद्रं बंद. सहाजणींत स्वतःचा, चालू, आधारला जोडलेला नंबर एकीचाच निघाला. काकीच्या सुनेचा. म्हणून सहाऐवजी एकच अर्ज करायचा, तिच्या नावावर, असं मी ठरवलं. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात कुणी तरी जोडून दिला होता.

आणि ती पेणमध्ये नव्हतीच. भावाच्या साखरपुड्याला दोन दिवसांसाठी म्हणून मुलीला घेऊन रोह्याला गेली होती. रोह्याला लागून वरसे आहे, तिथे तिचं माहेर. गाड्या बंद झाल्या आणि ती तिथेच राहिली. माहेरच्या घरात रेंज नव्हती. रेंज मिळायची ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. म्हणून आम्ही वेळ ठरवली, दुपारी बारा. मी पेणला कॉम्प्युटरपुढे, ती वरशाला गच्चीवर.

पहिल्या दिवशी माझ्याकडची वीज गेली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला आणि तेवढ्यात तिच्या मुलीने कार्टून लावायला फोन ओढून घेतला, दहा मिनिटं तिच्यामागे पळण्यात गेली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, लवकर बोला. चपला खाली राहिल्या, पाय भाजतायत."

तिने सहा आकडे सांगितले. मी भरले. मग पुढचं पान उघडलं. मालकाचं नाव. तिथे एकच चौकट होती. मी तिचं नाव लिहिलं. खाली कामगारांची संख्या विचारली होती. मी क्षणभर थांबले, हे कबूल करते. मग नीट विचार करून पाच लिहिलं. सहातून एक गेली की पाच राहतात. शून्य लिहिलं तर एकटीचा धंदा दिसेल, कर्ज कमी मिळेल आणि बाकीच्यांना काहीच मिळणार नाही, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी दाखला आला. मी तो छापून फाइलला लावला आणि काकीला फोनवर मराठी करून वाचून दाखवला.

तिने मालकाच्या नावाची ओळ पुन्हा वाचायला लावली.

"म्हंजे ती मालकीन?"

"फक्त कागदावर, काकी."

"आनि मी?"

"कागदावर... कामगार."

"बरं झालं! ती माहेरी बसून मालकीन, आनि मी घरात बसून कामगार!" असं म्हणून ती हसली. मीही हसले. मला वाटलं, तिने चेष्टेवारी नेलं.

जूनमध्ये मोठं वादळ आलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं होतंत. आपल्या पडवीचे चार पत्रे उडाले आणि मागच्या खोलीत पाणी शिरलं. सहाही डबे भिजले. झाकणं घट्ट होती, पण तीन महिने जुन्या पिठाला तेवढाही ओलावा पुरला. रोह्याहून एसटी सुरू झाली तशी सून आली, बाकीच्याही आल्या, आणि सगळ्यांनी मिळून ते पीठ अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरलं. रिकामे डबे धुऊन पालथे घातले. कुणी रडलं नाही. एकजण म्हणाली, "बाई, तुमच्या आंब्याला यंदा खत लागायचं नाय."

पावसाळ्यात बँकेचे साहेब तोंडाला मास्क लावून आले. चांगले गृहस्थ होते. त्यांनी पडवी पाहिली आणि म्हणाले, "नावाची पाटी लागेल. पाटीखाली मालकिणीचा फोटो घ्यावा लागतो." म्हणून ती निळी पाटी. त्यावर सुनेचं नाव आणि खाली पापड उद्योग, पेण. फोटो काढताना ती पदर सारखा करत राहिली. काकी मोरीजवळ उभी होती. साहेबांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, कारण ती फोटोत येत होती.

पैसे मिळाले. सरकारने दिलेला शब्द पाळला, हे मी मुद्दाम लिहिते. पण हप्त्याची सूट मिळालेले सहा महिने पावसात आणि दिवाळीत गेले. त्या काळात पोह्याचा पापड वाळतच नाही. ऊन आलं तेव्हा हप्ते आले. हप्ता सुनेच्या खात्यातून जाणार, म्हणून विक्रीही त्याच खात्यात यायला हवी. मग पीठही तिच्याच नावावर घ्यायला हवं. मी हे सगळं व्यवस्थित बसवून दिलं. सहा डब्यांऐवजी एक मोठा ड्रम आणला. बाकीच्यांना किलोमागे मजुरी ठरवून दिली. एकेक कडी मी स्वतः अडकवत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

नव्या हंगामातला पहिला मंगळवार. काकी सहाआसनी रिक्षातून उतरली ती एका हातात घरी नेऊन पिठाने भरलेला हिरव्या चिंधीचा डबा आणि दुसऱ्या हातात जेवणाची टोपली घेऊन. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं, सगळ्यांना पुरेल एवढं. मीच पुढे झाले.

"काकी, यंदा पीठ सगळं ड्रममध्ये आहे. सुनेच्या नावावर. कर्ज फिटेपर्यंत असंच करावं लागेल."

"मंग आज मंगलवार कोनाचा?"

सून लाट्या मोजत होती, ती मोजत राहिली. काकीने डबा भिंतीशी ठेवला, जेवणावर फडकं झाकलं आणि आपल्या पाटावर जाऊन बसली. दिवसभर तिने लाटलं, आणि नेहमीपेक्षा पातळ लाटलं. दुपारी ते बिरडं सगळ्यांनी खाल्लं आणि सगळ्या लगेच लाटायला बसल्या. संध्याकाळी सुनेने मजुरी पुढे केली. काकीने ती घेतली, दोनदा कपाळाला लावली आणि म्हणाली, "मालकीनबाई, उद्या किती वाजता येऊ?"

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकजण आपापला जेवणाचा डबा घेऊन येऊ लागली.

पुढची चार वर्षं मी तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण ती सगळी सारखीच होती. घरात काकी सुनेला नावाने हाक मारेना. "मालकीन, चहा मिलंल का?" "मालकीन, आज नलाला पानी हाय का नाय?" नातीपुढेसुद्धा तेच. सुनेची आई वरशाला आजारी पडली, तेव्हा मार्च चालू होता. आगगाडी पुन्हा सुरू झाली होती, पेणहून रोहा काही लांब नाही, पण तिला चार दिवस जाता येईना. माल अडला तर हप्ता अडेल. ती एका रात्रीसाठी गेली आणि सकाळी परत आली.

त्या पावसाळ्यात एकदा सून माझ्याकडे एकटीच आली. पडवीच्या पायरीवर बसली आणि पाटीकडे बघत म्हणाली, "बाई, मला कुणी विचारलं होतं का? मी फक्त सहा आकडे सांगितले."

मी म्हटलं, "चूक माझी आहे. उरलेलं कर्ज मी भरते. पेन्शन पडूनच असते."

"म्हणजे मग मी तुमची कामगार होऊ?"

मी बँकेत जाऊन साहेबांना विचारून आले, सहा नावं घालता येतील का. ते म्हणाले, आधी हे खातं बंद व्हायला हवं, मग काय ते नवीन. म्हणजे ती अडकलेली, काकी अडकलेली, आणि दोघींना बांधून घालणारा कागद माझ्या फाइलमध्ये पहिल्या क्रमांकावर, प्लॅस्टिकच्या पाकिटात.

दरम्यान तिघी सोडून गेल्या. मजुरीच करायची तर कंपनीत सावलीत करू, असं म्हणून एक रोह्याजवळ धाटावला पॅकिंगला लागली. कोलाडहून पुढे तिच्या बहिणीचं घर आहे, तिथे राहते आणि शिफ्टला जाते. एक नवऱ्याबरोबर पनवेलला गेली. तिसरी नुसतीच यायची थांबली. तिने कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. बँकेचं पत्र आलं ते मी सुनेला वाचून दाखवलं. तिने ते माझ्याकडून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. ती लवकर आली ती पिशवीत पाना घेऊन. स्टुलावर चढून तिने पाटीचे चारही बोल्ट स्वतः काढले. मला स्टूल धरायला सांगितलं, तेवढीच माझी मदत. मग तिने पालथा पडलेला हिरव्या चिंधीचा डबा उचलला, पुसला, ड्रममधून पीठ काढून त्यात भरलं आणि काकीच्या पाटाशेजारी ठेवला.

काकी नऊच्या सुमाराला आली. तिचे गुडघे आता फार दुखतात, उंबऱ्याशी थांबून श्वास घेते. तिने भिंतीवरची चार भोकं पाहिली आणि डबा पाहिला.

"ह्यो हितं कोनी ठेवला गो?"

"मी ठेवला," सून म्हणाली. "मंगळवार आहे."

"मंगलवार हाय तर काय झालं? माझ्याच्यानं आता लाटवत नाय."

"लाटायला आम्ही दोघी आहोत. तुम्ही जेवण आणायचं."

"बिरडं पायजे तर तसं बोल ना! चार वर्सं नाय आठवलं माझ्या हातचं?"

"आठवलं," सून म्हणाली. "पण मी पडले मालकीण. मालकिणीला कोण वाढणार?"

आमच्यात उरलेली तिसरी बाई फिस्सकन हसली. काकीने तिला लाटणं दाखवलं आणि खाली बसली. सूनबाई हसली की नाही ते मला दिसलं नाही, ती पिठात पाणी घालत होती. त्या दिवशी जेवण कुणीच आणलेलं नव्हतं, म्हणून मी खिचडी टाकली. ती खारट झाली आणि सगळ्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

हे सगळं पूर्वीसारखं झालं असं समजू नका. काकी सुनेला अजून नावाने हाक मारत नाही, फक्त "गो" म्हणते. गेलेल्या तिघी परत आलेल्या नाहीत आणि यायच्याही नाहीत. मी आता कुणाचा अर्ज भरला तर चौकटीपाशी थांबते, आणि ज्याचं नाव लिहायचं त्याला आधी विचारते. पुढची चौकट तोवर तशीच राहते. हे मला सत्तरी उलटल्यावर शिकावं लागलं.

तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते, पाटी मोरीतल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली आहे, नावाची बाजू खाली करून. मागच्या खोलीत तीन डबे भरलेले आहेत आणि तीन पालथे. आठवड्यातले तीन दिवस अंगणात पापड असतात, बाकीचे दिवस नुसतं ऊन. मंगळवार काकीचा आहे.

तुमची,
आजी